सांगोल्याचा आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला

"अकरा वेळा एकच आमदार? दुसरं कुणी भेटलंच नाही का तुम्हाला?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

पहिलं म्हणजे त्याच आमदाराला, गणपतराव देशमुखांना, आमच्या आबांना, आम्ही पाडलंय पण. १९७२ ला पाडलं, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आणलं, १९९५ ला तर १९२ मतांनी पाडलं. त्यामुळं डोळे झाकून मतं दिली हे मी ऐकून घेणार नाही. बहुतेक सगळी वर्षं विरोधी बाकावर, शेतकरी कामगार पक्षाचा, म्हणजे शेकापचा लाल बावटा कधी सोडला नाही, आणि एसटीनं फिरायचे, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

पण पुण्यात शिकत होतो तेव्हा मीच मित्रांना सांगायचो, साधेपणानं टँकर बंद होत नाहीत. आटपाडीच्या पाणी परिषदेत आबा वर्षानुवर्षं कृष्णेचं पाणी मागत राहिले हे माहीत होतं, तरी म्हणायचो. आज टेंभू-म्हैसाळ योजनांतून आलेलं कृष्णेचं पाणी बघून वाटतं तेव्हाचा मी उतावळा होतो, आणि पाणी यायला किती उशीर झाला ते आठवलं की वाटतं, नाही, बरोबरच बोलत होतो.

२०१९ ला आबा वयामुळं थांबले, नातू अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. त्या संध्याकाळी आमच्या घरात जेवणं झाली नाहीत. धाकट्या भावानं सरळ सांगितलं, मी विरोधात मत दिलं. वडील आयुष्यभर शेकापचे, ते म्हणाले, "आबांनी तुझं काय वाईट केलं होतं?" तो म्हणाला, "काहीच नाही दादा, पण माझी डाळिंबाची बाग टँकरवर जगवली, कर्ज अजून फिटलं नाही, मला सत्तेतला आमदार पाहिजे." वडील उठून गोठ्याकडं गेले. मी भावावर ओरडलो, गद्दार म्हणालो, आणि ओरडताना कळत होतं की हा माझंच पुण्यातलं बोलणं बोलतोय, फरक एवढाच की बाग त्याची जळत होती, माझी नाही. कित्येक दिवस घरात वडील आणि भावाचं बोलणं बंद.

२०२१ ला आबा गेले तेव्हा हाच भाऊ ढसाढसा रडला. मग मत का दिलं नाहीस विचारलं तर म्हणतो, दोन्ही खरंय. मला अजून पटत नाही.

आता २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब निवडून आलेत. भाऊ म्हणतो पाच वर्षं बघू, वडील म्हणतात बघायचं काय त्यात, आणि आमचं भांडण परत सुरू.