बाकावरची बाकी

स्मरणिकेसाठी ‘काहीतरी लिहून दे’ असा निरोप आला. शाळेबद्दल लिहायचं तर सहल, स्नेहसंमेलन, कबड्डीची ढाल हे सगळं यायला हवं. पण माझी गाडी गणिताच्या सरांपाशीच अडते. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की दुसरं कोण?

आठवी ब, पत्र्याची खोली. पाऊस असा कोसळत होता की धडा शिकवणं शक्यच नव्हतं. सरांनी फळ्यावर नऊ चौकोन काढले. १ ते ९ अंक एकेकदाच भरायचे. पहिल्या दोन अंकांच्या संख्येला २ ने, पहिल्या तिनांच्या संख्येला ३ ने, असं करत सगळ्या नऊ अंकांच्या संख्येला ९ ने नि:शेष भाग गेला पाहिजे. पाचव्या चौकोनात ५ हे पोरांनी लगेच सांगितलं. सम जागांवर सम अंक, हेही कळलं. मग ३, ४, ८ च्या कसोट्या लावत सर एकेक शक्यता पुसत गेले आणि दहाच संख्या उरल्या. राहिली फक्त ७ ची अट. “सातच्या कसोटीपेक्षा भागाकार परवडला,” म्हणत त्यांनी दहा बाकांना एकेक संख्या वाटली.

आमच्या वाट्याला ३८१६५४७२९. म्हणजे ३८१६५४७ भागिले ७. आकडेमोडीत मी वर्गात पहिला, म्हणून शेजाऱ्याला वहीला हातही लावू दिला नाही. बाकी आली ४. एकाही बाकावरून हात वर झाला नाही.

सर वह्या बघत फिरले. माझ्यापाशी वाकून त्यांनी दुसऱ्या पायरीवर खडूचं बोट टेकलं. “एकतीसातून अठ्ठावीस गेले किती रे?” मी ४ लिहिले होते! पत्र्याच्या आवाजात हे कुणालाच ऐकू गेलं नाही. खोडून पुन्हा केलं, ५४५२२१, बाकी शून्य. “उत्तर या बाकावर आहे,” सर मोठ्याने म्हणाले. टाळ्या पडल्या, मी त्या घेतल्या. मग सरांनी शेवटी शून्य जोडलं. ३८१६५४७२९०. ० ते ९ सगळे अंक एकेकदा, दहानेही भाग जातो, आणि ही अट पाळणारी अशी संख्या ही एकच. देवळालीचे गणिती कापरेकर यांचा ६१७४ हा गमतीदार आकडा सगळ्यांना माहीत असतो. आमच्या सरांचा लाडका हा दहा आकडी गडी.

आज मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, हाताखाली तीसेक माणसं आहेत. एका रविवारी अंक पुन्हा वापरायची मुभा देऊन प्रोग्रॅम चालवला. गाडी २५ अंकांवर थांबली: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. पुढे कुठलाही अंक जोडा, २६ ने भाग जात नाही. सरांना दाखवायला जाऊ जाऊ म्हणत राहून गेलं, आणि मग सरच राहिले नाहीत.

पत्र्याच्या खोलीवर आता स्लॅब आहे. तिथे पाऊस ऐकूही येत नसेल.

शेजारी बसणारा मेळाव्याला येणार आहे म्हणे. “एकदा तपासून बघ,” असं तो त्या दिवशी दोनदा म्हणाला होता.