हँडल लॉक, हेल्मेट आणि चोरीला गेलेली माझी अ‍ॅक्टिव्हा

नागपुरात सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात मेथी घ्यायला थांबले आणि परत आले तर माझ्या अ‍ॅक्टिव्हाच्या जागी कोणाची तरी स्प्लेंडर उभी. आता डोक्याची गंमत बघा, गाडी चोरीला गेली असं आधी वाटतच नाही, वाटतं आपणच विसरलो कुठं लावली ते, म्हणून मी एका हातात मेथीची जुडी आणि दुसऱ्या हातात सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन त्या गल्लीत तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला लसूणवाली म्हणाली, "काय शोधून राहिल्या ताई?" तेव्हा कुठं उजेड पडला.

खरं सांगायचं तर हँडल लॉक लावलेलं नव्हतं. वर्षभरापासून जाम होतं, किल्ली फिरवताना बोट दुखायचं, आणि पाच मिनिटांचं तर काम. पावतीवाल्या पार्किंगमध्ये पण लावली नाही, कारण दहा रुपये. हे दोन्ही मी घरी अजून सांगितलेलं नाही, इथं सांगते कारण घरचं कोणी माझं लिखाण वाचत नाही.

त्या रात्री आमच्या बिल्डिंगमध्ये कोर्टच भरलं. वरच्या मजल्यावरचे काका म्हणे, "एकेकाचे हात तोडले पाहिजेत चौकात, मग बघा कोण हात लावते गाडीला." खालच्या पानठेल्यावरचा भाऊ म्हणे कायदाच कडक नाही ना ताई आपल्याकडे. माझे दीर तर थेट फाशीवर आले. गाडीसाठी फाशी, बाप्पा!

मी एलएलबी केलं तेव्हा क्रिमिनॉलॉजी अँड पेनॉलॉजी, म्हणजे गुन्हा आणि शिक्षेचं शास्त्र, असा पेपर होता, गाईड पाठ करून पास झाले, प्रॅक्टिस कधी केली नाही, पण त्या आठवड्यात ती सगळी नावं एकेक करून परत यायला लागली, कारण पहिल्यांदाच त्यातली 'व्हिक्टिम' मी होते. सगळ्यात आधी आठवले कोहेन आणि फेल्सन. १९७९ मध्ये या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी मांडलं की गुन्हा व्हायला तीन गोष्टी एकाच वेळी एकाच जागी याव्या लागतात, गुन्हा करायची तयारी असलेला माणूस, हाताला लागेल अशी वस्तू, आणि लक्ष ठेवणारं कोणी नसणं. बस, एवढंच. चोर कोणत्या घरचा, त्याच्या मनात काय, हे ते विचारतच नाहीत. पेपर लिहिताना वाटलं होतं यात काय एवढं शोधून काढलं, हे तर माझी आजी पण सांगेल. आता वाटते की तीनपैकी दोन गोष्टी मी स्वतः पुरवल्या होत्या, चोराला फक्त यायचं होतं.

काकांना मी बेकारियाचं सांगितलं. मिलानचा हा माणूस, १७६४ मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी एक छोटंसं पुस्तक लिहिलं, पहिल्यांदा तर स्वतःचं नाव पण टाकलं नाही, कारण तेव्हा युरोपात माणसाची हाडं चाकावर मोडायची पद्धत होती आणि त्याविरुद्ध बोलणं सोपं नव्हतं. त्याचं म्हणणं असं की शिक्षा किती भयंकर आहे याला माणूस तेवढा घाबरत नाही, ती नक्की होणार आणि लवकर होणार याला घाबरतो. लंडनला खिसेकापूंना जाहीर फाशी द्यायचे तेव्हा ते बघायला जमलेल्या गर्दीतच खिसे कापले जायचे, यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे? काका म्हणाले ते तिकडं असेल, आपल्याकडे भीतीच लागते. मग इकडचंच घ्या म्हटलं. दिल्लीचं डिसेंबर २०१२ चं निर्भया प्रकरण, देशभर मोर्चे निघाले, २०१३ मध्ये कायदा कडक केला, आणि त्या चौघांना फाशी झाली २० मार्च २०२० ला. सात वर्षं उलटून गेली, तेही सगळ्या देशाचं लक्ष असताना. ज्या केसकडे कोणाचंच लक्ष नाही तिचं काय होत असेल याचा हिशोब करा.

आणि नागपूरवाल्याला हे कोणी शिकवायची गरजच नाही. १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबा नगरच्या बायकांनी आपल्या जिल्हा कोर्टाच्या आत एका गुंडाला मारून टाकलं होतं. वर्षानुवर्षं तक्रारी, दरवेळी जामीन, दरवेळी तो परत वस्तीत. कायद्यात शिक्षा कमी होती म्हणून ते झालं नाही, कागदावर शिक्षा भरपूर होती. ती त्याला कधी होईल यावरचा विश्वास संपला होता. काका यावर गप्प झाले, पण पटलं म्हणून नाही, त्यांची सिरियल सुरू झाली म्हणून.

मला मात्र बेकारिया पटतो तो माझ्या स्वतःच्या वागण्यावरून. आमच्या घराजवळ एक कट आहे, तिथून राँग साईड गेलं की दीड किलोमीटर वाचते. मी वकिलीची डिग्री असलेली बाई, दोन लेकरांची आई, रोज तिथून राँग साईड जायची. दंड किती आहे हे मला आजही नक्की माहीत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं केंद्राच्या कायद्यात हेल्मेटचा दंड हजार रुपये झाला तेव्हा पेपरात केवढं आलं होतं, पण रस्त्यावर कोणी रकमेबद्दल बोलताना मी ऐकलं नाही. रस्त्यावर एकच प्रश्न असतो, आज मामा उभे आहेत का. समोरून येणारा अनोळखी माणूस हेडलाईट मारून सांगतो, उभे आहेत, की सगळे शहाण्या बाळासारखे यू-टर्न घेतात, आणि पुढच्या दिवशी मामा नसले की परत तेच. वर ई-चलान आलं तरी कोणी लगेच भरत नाही, लोकअदालतीत सूट मिळते म्हणून वाट बघतात. माझी दोन चलानं तशीच पडून होती. पडून होती म्हणजे आहेत.

गॅरी बेकर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाला तर अख्खी थिअरी गाडी लावताना सुचली. कोलंबिया युनिव्हर्सिटीत एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायला उशीर होत होता, पैसे भरून पार्किंगमध्ये लावावी की रस्त्यावर नियम मोडून लावावी, त्यानं पावती फाटायची शक्यता आणि दंड दोन्हीचा मनातल्या मनात हिशोब केला आणि रस्त्यावर लावली. पावती फाटली नाही. त्यातून १९६८ चा तो प्रसिद्ध लेख आला, गुन्हेगार पण नफा-तोटा बघतो म्हणणारा, आणि १९९२ मध्ये नोबेल मिळालं तेव्हाच्या भाषणात हा किस्सा त्यानं स्वतः सांगितला. मी पण बुधवार बाजारात हाच हिशोब केला होता, दहा रुपयांचा. त्याला नोबेल, मला एफआयआरची कॉपी.

एफआयआरला चार चकरा लागल्या, ते लिहीत बसत नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. माझ्या मागं रांगेत उभा असलेला माणूस, तो पण मोबाईल चोरीचा, एकदम सहज म्हणाला, "बेड्यावरचे असतील मॅडम, त्यांचा धंदाच आहे." बेडा म्हणजे पारध्यांची वस्ती. कोणी बघितलं नाही, काही पुरावा नाही, पण जात ठरली. पेपरमध्ये लोम्ब्रोसो वाचताना आम्ही हसलो होतो, १८७६ चा इटलीचा डॉक्टर, कवटीवरून आणि जबड्यावरून जन्मजात गुन्हेगार ओळखायला निघालेला. पण इंग्रजांनी आपल्याकडे त्याच्या पाच वर्षं आधीच, १८७१ ला, गुन्हेगार जमाती कायदा आणला होता, त्याला कवटी मोजायची पण गरज नव्हती, तुमचा जन्म कुठं झाला एवढं पुरे. पारध्यांसारख्या कितीतरी जमातींच्या पोटी आलेलं लेकरू जन्मतःच चोर. हजेरी लावा, परवानगीशिवाय गाव सोडू नका. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते विमुक्त झाले, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पण पाच वर्षांनी. आणि माझ्या मागच्या त्या माणसाच्या डोक्यातून ते अजून विमुक्त व्हायचे आहेत. मी त्याला तिथं काही बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं.

नवव्या दिवशी मोबाईलवर मेसेज आला. वाटलं पोलिसांचा असेल, गाडी सापडली. ई-चलान होतं! विना हेल्मेट. लिंक उघडली तर फोटो, माझी अ‍ॅक्टिव्हा, माझी नंबर प्लेट, डाव्या बाजूला ती माझीच घासलेली खूण, आणि वर ट्रिपल सीट तीन पोट्टे, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही, मधला तर हसून राहिला. चोरीच्या गाडीवर भर चौकात, कॅमेऱ्याखाली, सिग्नलला थांबलेत. सिग्नल पाळून राहिले, माझ्यापेक्षा बरे.

यावर मला जर्मनीचा एक किस्सा आठवला जो गाईडमध्ये नव्हता, आमच्या सरांनी सांगितला होता. १९८० मध्ये पश्चिम जर्मनीत हेल्मेट नसलं की जागेवरच दंड सुरू केला, डोकं फुटू नये म्हणून, बाकी काही हेतू नव्हता. पण मोटारसायकलींच्या चोऱ्या धडाधड खाली आल्या, सहा वर्षांत साधारण एक तृतीयांशावर. कारण काय? बहुतेक चोऱ्या डाव आखून केलेल्या नसतात, गाडी दिसली, किल्ली लागली, निघाले. आणि चोराच्या खिशात हेल्मेट नसतं. विना हेल्मेट निघाला की पहिल्या चौकात अडवणार. त्याच्याही आधी तिथं सगळ्या कारना स्टिअरिंग लॉक सक्तीचं केलं होतं, तेव्हा पण चोऱ्या घटल्या होत्या. रोनाल्ड क्लार्क नावाचा संशोधक या सगळ्याला धरून बसला होता, म्हणे माणूस सुधारायच्या मागं नंतर लागा, आधी गुन्हा करणं थोडं त्रासाचं करा.

आणि इथं नागपुरात? तो जर्मन चोर विना हेल्मेट निघाला की हजारात एक दिसतो. माझा चोर विना हेल्मेट निघाला तर आमच्या अर्ध्या गावासारखा दिसतो. आपण सगळे मिळून त्याला लपवतो, मी, माझे दीर, तो पानठेलेवाला भाऊ, सगळे. मी तर डिक्कीत हेल्मेट ठेवून फिरायची, चौक आला की काढायची. तेही गेलं गाडीसोबत, आणि त्या पोट्ट्यांनी फोटोत ते घातलेलं नाही याचा मला वेगळाच राग आला.

फोटो घेऊन पोलीस स्टेशनला गेले, आणि खरं सांगते, त्यानंतर काम पटापट झालं. तेविसाव्या दिवशी गाडी सापडली, पेट्रोल संपल्यावर सोडून दिलेली. पोट्टा सतरा वर्षांचा निघाला. पेपरात छापतात ना, विधीसंघर्षग्रस्त बालक, तो. मी ठरवून गेले होते की एक चपराक तरी मारायची. बाहेर बाकड्यावर त्याची आई बसली होती, मांडीवर स्टीलचा डबा, झाकणाला रबर लावलेला, कोणाच्या तरी घरचं काम सोडून आलेली दिसत होती. तो बाजूला मान खाली घालून मोबाईल नसलेला अंगठा हलवत बसला होता. आतून एक जण म्हणाला, "हा आता आपला परमनंट कस्टमर." सहज म्हणाला, वाईट मनात नव्हतं. कायद्यानं मुद्दाम इतका लांबलचक शब्द काढला की आरोपी म्हणावं लागू नये, आणि इथं कस्टमर. हॉवर्ड बेकर या समाजशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये हेच लिहिलं होतं, की शिक्का एकदा बसला की माणूस त्या शिक्क्याप्रमाणे वागायला लागतो. हा दुसरा बेकर बरं का. एका पेपरात बेकारिया आणि दोन बेकर, मी परीक्षेत एकाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवलं होतं, सरांच्या लक्षात आलं नाही.

त्याच्या आईला विचारलं शाळा? म्हणे नववीत सोडली, गॅरेजला जात होता, गॅरेज बंद झालं. ट्रॅव्हिस हर्शी या समाजशास्त्रज्ञाचं १९६९ चं म्हणणं असं की माणूस गुन्हा का करतो हे विचारूच नका, बाकीचे का करत नाहीत ते विचारा, आणि उत्तर म्हणजे आईबाप, शाळा, काम, उद्याची काही आशा, यांचे दोर. या पोट्ट्याचा शेवटचा दोर गॅरेज होतं बहुतेक. आई तर होती, डबा घेऊन बसलेली. थिअरीत सगळं बसत नाही. चपराक मारली नाही, बोलले पण नाही काही, सही केली आणि निघाले.

गाडी मात्र लगेच मिळत नाही, ती मुद्देमाल असते. कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, सोडवावी लागते, तोवर ती अंगणात जप्त गाड्यांच्या रांगेत, शेजारी एक लुना, तिच्या सीटमधून गवत उगवलेलं. परत मिळाली तेव्हा पुढच्या मडगार्डवर स्टिकर होता, 'आईबाबांचा आशीर्वाद'. रॉकेल लावून बघितलं, निघत नाही, गोंद चिवट आहे.

हँडल लॉक नवीन टाकलं. हेल्मेट नवीन घेतलं, डोक्यावर घालते, बहुतेक वेळा.

राहिलं ते चलान. चोराच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं याचा दंड माझ्या नावावर, एफआयआरची कॉपी जोडून तक्रार टाकली आहे, अजून पेंडिंग दाखवते. दीर म्हणे जुनी दोन राँग साईडची पण त्याच अर्जात घालून टाका वहिनी, म्हणा चोरानंच केलं, कोणाचं काय जाते, तसंही सरकार आपल्याला काय देते. १९५७ मध्ये साईक्स आणि माट्झा या दोन समाजशास्त्रज्ञांनी गुन्हे करणाऱ्या पोरांची अशीच वाक्यं मांडली होती, नुकसान कोणाचंच नाही, आणि सांगणारे तरी कुठं धुतल्या तांदळाचे. मी दिरांना हे सांगितलं नाही. मी आधी तारखा बघितल्या. दुसरं चलान चोरीच्या चार दिवस आधीचं आहे.