कवटी, जीभ आणि पल्सार: बँडच्या शर्टांवरच्या चित्रांचा माग, पुढची नोंद

मागच्या नोंदीत नुसती यादी होती: कुठल्या बँडच्या टी-शर्टावरचं चित्र मुळात कुठून आलं आणि कोणी आणलं. आता काम छपाईपर्यंत आलंय. शर्टाचा फोटो घेऊन गिरवायचं नाही, मूळ चित्र समोर ठेवून हाताने रेषा काढायची, त्याची पारदर्शक फिल्म करायची आणि मग स्क्रीनवर (जिच्यातून शाई कापडावर उतरते त्या ताणलेल्या जाळीवर) चढवायची, असा नेम केलाय. छापतो ते स्वतःपुरतंच.

या उद्योगात एक गोष्ट पक्की होत चाललीय. शर्टावर ज्या चित्रांचा जम बसला, त्यांतली बरीचशी मुळातच छापण्यासाठी काढलेली होती. पुस्तकातलं रेखाचित्र, लिथोग्राफ (दगडावरून छापलेलं चित्र), सरकारी मुद्रा, शास्त्रीय आलेख. चित्र प्रसिद्ध किती होतं यापेक्षा ते एका शाईत उभं राहतं का, यावर सगळं ठरतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडच्या सांगाड्याने. एडमंड सलिव्हन या इंग्रज चित्रकाराने उमर खय्यामच्या रुबायांच्या 1913 सालच्या इंग्रजी आवृत्तीसाठी तो पेन आणि शाईने काढला होता: गुलाबांत उभा सांगाडा, डोक्यावर गुलाबांचाच मुकुट. 1966 साली स्टॅनली माउस आणि आल्टन केली या पोस्टर-चित्रकारांना बँडच्या ॲव्हलॉन बॉलरूममधल्या कार्यक्रमाचं पोस्टर करायचं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयात जुनी पुस्तकं चाळताना त्यांना हे पान मिळालं. त्यांनी रंग भरले, अक्षरं बसवली आणि सलिव्हनची रेषा जवळपास आहे तशी राहू दिली. 1971 च्या अल्बमवर तीच कल्पना पुन्हा आली आणि तिथून पुढे ती बँडची ओळखच झाली.

रेषा का राहू दिली, ते स्क्रीन हातात घेतल्यावर कळतं. सलिव्हनच्या काळात असली रेखाचित्रं लाइन ब्लॉकवर, म्हणजे रेघा उठून राहिलेल्या धातूच्या ठशावर, छापली जात. त्यात करडा रंग नाहीच; शाई आहे किंवा नाही, एवढंच. त्यामुळे सावली हवी असेल तर रेघांची दाटी करायची, उजेड हवा असेल तर रेघा विरळ करायच्या. एका रंगाच्या स्क्रीनची अट नेमकी हीच. हाफटोन नको, म्हणजे छटा दाखवणारे लहानमोठे ठिपके नकोत.

तरी सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. 110 मेशच्या (इंचाला 110 धागे) जाळीवर बारीक रेघांच्या कडा करवतीसारख्या दातेरी येतात, आणि बरगड्यांमधल्या दाट रेघा शाई पसरून एकमेकींना चिकटतात. 230 मेश घेतली, इमल्शनचा (जाळीवर लावायच्या, प्रकाशाने घट्ट होणाऱ्या लेपाचा) थर पातळ दिला, तेव्हा कुठे रेघ रेघ म्हणून दिसू लागली. बरगड्यांच्या आतल्या काही रेघा मात्र फिल्म करतानाच गाळाव्या लागतात. कोणत्या गाळायच्या, यातच खरी मजा आहे: जिथे दोन रेघांमधलं कोरं अंतर रेघेच्या जाडीपेक्षा कमी, तिथे एकाआड एक काढायची. डोळ्यांच्या खोबणींना हात लावायचा नाही. तिथली एक रेघ कमी झाली तरी कवटीचा भाव बदलतो.

माउस आणि केली यांनी त्याच वर्षी चेक चित्रकार आल्फोन्स मुखा याच्या चित्रालाही हात घातला. 1896 सालचं 'जॉब' सिगारेट-कागदाचं त्याचं पोस्टर आठवा: धुराचं वळसेदार वेटोळं, केसांच्या बटा, भोवती जाड बाह्यरेषा. ते लिथोग्राफच होतं, सपाट रंगांचं, त्यामुळे उचलायला सोपं. अक्षरांच्या बाबतीत त्याच काळातला पोस्टर-चित्रकार वेस विल्सन याने जुन्या पोस्टरांकडून घेतलेलं ऋण आणखी उघड आहे. आल्फ्रेड रोलरने व्हिएन्ना सेसेशन या कलाकारसंघाच्या 1903 च्या प्रदर्शनासाठी केलेल्या पोस्टरची अक्षरं पाहा आणि मग विल्सनची ज्वाळांसारखी फुगलेली अक्षरं पाहा. दिलेला आकार अक्षरांनीच ठासून भरायचा, मधली मोकळी जागा जवळजवळ संपवून टाकायची, ही युक्ती रोलरची. आजही सायकेडेलिक बाजाचा शर्ट म्हटलं की लोक नकळत व्हिएन्नाची अक्षरं घालून फिरतात.

जॉय डिव्हिजन या इंग्रज बँडचा शर्ट वरवर सगळ्यात सोपा वाटतो आणि छापायला सगळ्यात खट्याळ निघाला. 1979 च्या 'अननोन प्लेझर्स' या अल्बमसाठी डिझायनर पीटर सॅव्हिलने वापरलेलं चित्र मुळात कलाकृती नव्हतंच. सीपी 1919 हा 1967 साली खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल बर्नेल यांना सापडलेला पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ स्पंद पाठवणारा तारा. त्याचे स्पंद सुमारे 1.337 सेकंदांनी येतात. हॅरोल्ड क्राफ्ट यांनी आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवरच्या नोंदींवरून एकामागून एक आलेले स्पंद एकावर एक रचून आलेख काढला आणि तो कॉर्नेल विद्यापीठातल्या 1970 सालच्या आपल्या प्रबंधात दिला. पुढे तो खगोलशास्त्राच्या एका कोशात छापला गेला, तिथून बँडच्या हाती लागला आणि बँडने सॅव्हिलकडे दिला. सॅव्हिलने काय केलं? पांढऱ्यावरचं काळं उलटं करून काळ्यावर पांढरं केलं, आणि मुखपृष्ठावर बँडचं नावही घातलं नाही. बस. डिझायनरने हात आवरता घेण्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

क्राफ्ट यांनी प्रोग्राममध्ये एक सोय केली होती: पुढच्या रेषेचं शिखर उंच असेल तर मागच्या रेषेचा तेवढा भाग लपवायचा. म्हणून तो आलेख डोंगररांगांसारखा दिसतो. ही लपवाछपवी नीट केली नाही तर नुसतं जाळं दिसतं. बाजारातल्या कित्येक स्वस्त शर्टांवर ते सरळ दिसतं: शिखरं एकमेकांना आरपार कापतात, किंवा सगळी साच्यातून काढल्यासारखी सारखी. मूळ आलेखात एकही शिखर दुसऱ्यासारखं नाही. छपाईतली अडचण वेगळीच आहे. काळ्या कापडावर पांढरी शाई दाट लागते आणि दाट शाई पसरते. कडेच्या सपाट रेषा ठीक येतात, मधल्या गर्दीत काळी फट बुजते. म्हणून फिल्मवर मधल्या भागातली रेघ कडेच्या रेघेपेक्षा किंचित बारीक ठेवली. छापल्यावर दोन्ही सारख्या दिसतात.

रोलिंग स्टोन्सच्या जिभेबद्दल थोडक्यात. बँडचा गायक मिक जॅगरने जॉन पॅशला कालीमातेचं चित्र दाखवलं होतं. पॅश तेव्हा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचा विद्यार्थी. 1970 साली त्याला या कामाचे 50 पौंड मिळाले. मूळ चित्र 2008 साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने विकत घेतलं. कालीची जीभ घेतली आणि बाकीची काली सोडून दिली, हे आपल्या डोळ्यांना जरा खटकतं खरं. पण शर्टासाठी हिशेब अचूक आहे: तीन सपाट रंग, जाड कड, दुरून ओळख. रामोन्स या अमेरिकी बँडच्या गरुडाचंही तसंच. आर्तुरो वेगा या कलाकाराने अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची मुद्रा घेतली, बाणांच्या जागी बेसबॉलची बॅट दिली, ऑलिव्हच्या फांदीच्या जागी सफरचंदाची. मुद्रा हा प्रकारच शिक्का मारण्यासाठी जन्मलेला.

आता माझ्या सिद्धांताला छेद देणारं उदाहरण. न्यू ऑर्डरच्या 1983 च्या अल्बमसाठी सॅव्हिलनेच ऑन्री फॉन्तँ-लातूरचं 1890 सालचं गुलाबांच्या टोपलीचं तैलचित्र घेतलं. मूळ लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. यात रेषा नाहीच, फक्त रंगाच्या छटा. मी इंचाला ठिपक्यांच्या 45 रांगांचा हाफटोन, त्या रांगांना 22.5 अंशांचा कोन आणि 230 मेश असं धरून चाललोय. गडद कापडावर आधी पांढरा थर द्यावा लागतो, आणि तिथेच गुलाबांचा नाजूकपणा जातो. फुलं रबरी दिसतात. पांढऱ्या कापडावर, पातळ शाईत, टोपलीच्या सावलीत थोडी माती-छटा ठेवून बरं दिसतंय. सुंदर म्हणावं इतकं अजून नाही.

पुढचं काम लेड झेपलिन या बँडच्या 'स्वान साँग' रेकॉर्ड कंपनीच्या चिन्हावरचं. त्याचं मूळ विल्यम रिमरचं 1869-70 सालचं, बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातलं चित्र: मावळतीला पंख पसरलेली आकृती. कॅनव्हासवर क्रेयॉन, तैलरंग आणि शिसपेन्सिल असं मिश्र काम आहे, म्हणजे निम्मं रेखाचित्र आणि निम्मं रंगचित्र. पंखांना रेषा आणि शरीराला हाफटोन असे दोन वेगळे स्क्रीन करून बघणार आहे. दोन्ही जुळवताना खांद्यापाशी शिवण दिसेल अशी धास्ती आहे. कोणी रेषा आणि हाफटोन एकाच चित्रात जोडले असतील, तर सांधा कुठे लपवलात ते लिहा.