खिडकीखाली खत होतं का?

अमृतमहोत्सवाचं पत्र आलं, ‘शाळेने मला काय दिले’ यावर लिहा म्हणून. वाचताक्षणी बाई आठवल्या. कुठल्या बाई, हे १९७९ च्या तुकडीला सांगावं लागणार नाही. बाकीच्या गुरुजनांनीही पुष्कळ दिलं, पण आज त्यांनी मला माफ करावं.

नववीत मी एकदा हुशारी करायला गेलो. युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध कशावरून पेटलं, असं बाईंनी विचारलं. मी घडाघडा म्हणून दाखवलं: २३ मे १६१८, प्रागचा किल्ला; चिडलेल्या प्रॉटेस्टंट सरदारांनी दोन कॅथलिक कारभारी आणि त्यांचा चिटणीस खिडकीबाहेर फेकले, सत्तरेक फूट खाली. पण खाली खताचा ढीग होता म्हणून तिघेही वाचले! वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत.

“ढीग कुणी बघितला?”

“पुस्तकात आहे, बाई.”

“पुस्तकानं कुठून आणला?”

शाळा सुटल्यावर त्यांनी मला जिन्याखालच्या वाचनालयात नेलं. शिपाईमामा किल्ली देताना कुरकुरले, ते नेहमीचंच. कुणा वकिलांच्या घरून देणगीत आलेली इंग्रजी पुस्तकं तिथल्या लोखंडी कपाटात होती, कसर लागलेली. बाईंनी तीन काढून बाकावर उघडी मांडली. एकात खत होतं. दुसऱ्यात कॅथलिकांची हकिकत, येशूच्या आईनं, मरियमेनं वरच्यावर झेलल्याची. तिसऱ्यात दोन्ही, आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत कोण काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, ते. त्या ओळींवर बोट ठेवून बाई म्हणाल्या, “ज्याला देव आपल्या बाजूचा वाटतो, त्याला मरियम दिसते. ज्याला त्यांची फजिती करायचीय, त्याला खत दिसतं. तू आधी तळ वाच, मग वर ये.”

मला इंग्रजी जेमतेम कळायचं. बाई एकेक ओळ वाचून मराठीत सांगत होत्या. त्या चिटणिसाला पुढे पवित्र रोमन साम्राज्याच्या कॅथलिक सम्राटानं सरदारकी दिली आणि किताब दिला ‘होहेनफाल’चा, म्हणजे उंचावरून पडलेला. हे सांगताना मात्र त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मग आठवडाभर वर्गात भांडण: युद्ध धर्माचं की राज्याचं? मी ‘धर्माचं’ म्हणणाऱ्यांत. बाईंनी रिशल्यू काढला. फ्रान्सच्या राजाचा मुख्यमंत्री आणि स्वतः कार्डिनल, म्हणजे कॅथलिकांचा बडा धर्मगुरू, १६२८ मध्ये ला रोशेलला वेढा घालून, उपाशी मारून प्रॉटेस्टंटांना शरण आणणारा. आणि तोच १६३१ मध्ये स्वीडनच्या लुथरपंथी, म्हणजे प्रॉटेस्टंट राजाला कॅथलिक सम्राटाशी लढायला पैसा पुरवण्याचा करार करतो! आमचा गट गप्प. मग दुसऱ्या गटाकडे वळून, “राज्याचंच होतं, तर युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या तहाची बोलणी म्युन्स्टर आणि ओस्नाब्रुक अशा दोन गावांत का? पोपचा वकील पाखंड्यांशी, म्हणजे प्रॉटेस्टंटांशी बोलायला का तयार नव्हता?” तेही गप्प. फळ्यावर त्यांनी १६३० लिहून एका बाजूला शिवजन्म आणि दुसऱ्या बाजूला त्या स्वीडिश राजाचं जर्मनीत उतरणं मांडलं होतं. तो फळा अजून दिसतो.

मी पुढे बँकेत गेलो. तपासणीला जाई तेव्हा ताळेबंदाआधी त्याखालच्या टीपा वाचायचो; शाखाधिकारी वैतागायचे. आता निवृत्तीनंतर या एका युद्धावरची २३ पुस्तकं घरात आहेत. इंग्रज इतिहासकार वेजवुडबाईंनी तिशीच्या आत लिहिलेलं, १९३८ चं, तीनदा वाचून झालं. २०१६ मध्ये प्रागला ती खिडकीही बघितली. बराच वेळ वाकून होतो. मुलगी म्हणाली, “बाबा, खत शोधताय का?” शोधतच होतो. हल्लीचे अभ्यासक अंगावरच्या जाड झग्यांकडे आणि खालच्या उताराकडे बोट दाखवतात. हे बाईंना सांगायचं राहिलं.

गेल्या वर्षी शाळेत डोकावलो. जिन्याखाली आता इन्व्हर्टर आहे आणि मोडके बाक. कपाटाचं विचारलं तर कुणाला माहीत नव्हतं. वर्गात मोठाले डिजिटल पडदे आलेत, चांगलंच आहे. पण मुलं पानाच्या तळाशी कशी जाणार?

एक कबुली. त्या तिनांतलं तिसरं पुस्तक मी परत केलेलंच नाही. शाळेचा जांभळा शिक्का अजून वाचता येतो. समारंभाला येताना घेऊन येतो; कुणाच्या हातात द्यायचं, तेवढं कळवावं.