तिघे मिळून दीड तिकीट

कराडहून साताऱ्याला एसटीने निघालो की आमच्या घरातल्या तिघांनाही अर्धं तिकीट लागतं. यांनी पासष्टी ओलांडलेली, मला महिलांची सवलत, आणि बंड्या बारा वर्षांच्या आतला. "तिघे मिळून दीड माणूस," हे कंडक्टरला दर वेळी सांगतात. कंडक्टर हसतो. मला अलीकडे हसू येत नाही, कारण हिशेब खरा आहे.

बंड्या आमच्या मुलीचा मुलगा. मे 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत ती गेली. तेव्हा तो चार वर्षांचा होता. जावयांची नोकरी पुण्यात, त्यांचे आईवडील आधीच गेलेले, म्हणून सध्यापुरता त्याला आमच्याकडे आणला. ते सध्यापुरतं अजून चालूच आहे. मध्यंतरी जावयांनी दुसरं लग्न केलं. करायलाच हवं होतं, पस्तिशीतला माणूस किती दिवस एकटा राहणार? आम्ही दोघं लग्नाला गेलो, आहेर केला. येताना हे कराड येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

लोक म्हणतात, नशीबवान आहात हो, दुधापेक्षा सायीवरच जीव जास्त. म्हणणाऱ्यांच्या घरी दूध शाबूत असतं.

कामाचं मला काही वाटत नाही. जन्मभर पतसंस्थेत कॅशियर होते, पहाटे उठून डबे करून कामावर जायची सवय आहे. गुडघे बोलतात, पण डबा, दप्तर, पाढे सगळं होतं. होत नाही ते रडणं. लेक माझी गेली, पण ज्याची आई गेली तो पोरगा समोर बसलेला असतो. त्याच्यापुढे आपण काय रडायचं? मग मी मिक्सर लावते. खोबरं, लसूण, जे असेल ते. आवाजात आवाज मिसळून जातो. आमच्याकडची चटणी त्यामुळे फार बारीक असते. यांना कळतं. हे स्वतः गच्चीवर टाकीतलं पाणी बघायला जातात, नुकत्याच भरलेल्या टाकीतलं.

महिन्यातून एखाद्या रविवारी जावई येतात. येताना पिझ्झा आणतात, रिमोटची गाडी आणतात, एकदा तर सायकल आणली. माणूस वाईट नाही. कोविडच्या मृत्यूबद्दल सरकारने दिलेले पन्नास हजार त्यांनी जसेच्या तसे बंड्याच्या नावावर ठेवले, मला पावती दाखवली. पण संध्याकाळी ते गेले की घरात जे सुरू होतं ते मला निस्तरावं लागतं. नखं काप म्हटलं की "बाबा असं करत नाहीत." मोबाइल ठेव म्हटलं की "बाबा देतात." बरोबरच आहे, महिन्यातून एका दिवसात नखं कशाला कापतील ते? औषध, नखं, सातचा पाढा हे सगळं माझ्याकडे. लाड करायचे ते आजीने, असं आम्ही लहानपणी समजायचो. इथे आजीलाच आईसारखा धाक दाखवावा लागतो आणि आजीपण राहूनच जातं.

एका रात्री मच्छरदाणी खोचत होते, तर म्हणाला, "आज्जी, तू कधी मरणार?" रडत नव्हता, शाळा कधी उघडणार असं विचारावं तसं विचारलं. मी म्हटलं, "तुझं लग्न झाल्यावर." तो म्हणाला, "मग मी करणारच नाही," आणि कूस बदलून झोपला. मी मात्र जागीच. तो अठराचा होईल तेव्हा हे ऐंशीच्या घरात असतील, हा हिशेब मी रोज रात्री करते आणि रोज उत्तर तेच येतं.

शाळेच्या ॲपचा ओटीपी जावयांच्या मोबाइलवर जातो आणि ते मीटिंगमध्ये असतात. या ओटीपीपायीच एकदा मनात आलं, की या मुलावर आपला हक्क तरी किती? यांना न सांगता ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, 1956 च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्याप्रमाणे वडीलच नैसर्गिक पालक. आजी-आजोबांना ताबा हवा असेल तर 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, तिथे मुलाचं हित आधी बघतात. जून 2022 मधला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकालही त्यांनी सांगितला. अहमदाबादच्या मुलाचे आईवडील दोघंही कोविडमध्ये गेलेले. उच्च न्यायालयाने ताबा मावशीला दिला होता, सर्वोच्च न्यायालयाने आजी-आजोबांना दिला. आजोबा 71 चे, आजी 63 ची; नुसत्या वयावरून त्यांना नाकारता येणार नाही, असं म्हटलं. ऐकून मला क्षणभर उभारी आली. मग वकीलबाई म्हणाल्या, "पण ते वडिलांकडचे होते. तुम्ही आईकडच्या. आणि इथे वडील आहेत."

अर्ज मी करणार नव्हतेच.

आता येत्या जूनला पाचवी. जावयांचं म्हणणं, पुण्याला नेतो. त्यांची बायको स्वभावाने चांगली आहे, बंड्याला काय आवडतं ते फोन करून विचारते, मला आईच म्हणते. तिला सांगताना माझा आवाज कोरडा होतो, त्याला माझा इलाज नाही. खरं सांगायचं तर मनातून दोन्ही वाटतं. त्याला नेलं तर मी जगणार कशासाठी, हे वाटतं. आणि नेलं तर निदान एक रात्र सलग झोप लागेल, हेही वाटतं. हे दुसरं मी आजवर कुणाला बोललेले नाही. भिशीतल्या बायकांना सांगितलं तर त्या तोंडाला पदर लावतील.

परवा जावयांचा फोन आला. "आई, जूनचं काय ठरवायचं?"

"तुम्ही पुण्याची शाळा बघून ठेवा," मी म्हटलं. "घराजवळची बघा, व्हॅनमध्ये त्याला उलटी होते."

इथल्या शाळेचा पाचवीचा फॉर्मही मी भरून ठेवलाय. ते ना यांना सांगितलंय, ना जावयांना.