तुम्ही विचारलंत म्हणून: हृदयाची पेशी आकार बदलते तेव्हा

व्याख्यान संपलं की कोणीतरी हमखास थांबून विचारतं, "मॅडम, आईच्या टूडी इकोत हृदय मोठं झालंय असं आलंय. म्हणजे पेशी वाढल्या का? आणि पेशीचा आकार असा बदलला, तर आतल्या जनुकांचं कामही बदलतं का?" हॉल बंद करायची घाई असते, तिथे उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही. म्हणून इथे लिहिते.

मोठ्या माणसाच्या हृदयात नव्या स्नायूपेशी फारशा तयार होत नाहीत. पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का, पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्याहून कमी. तेव्हा हृदय वाढतं ते मुख्यतः आहेत त्याच पेशी वाढल्यामुळे. पण त्या कशाही फुगत नाहीत. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला तर पेशी जाड होते, आकुंचन पावणारे तंतू शेजारी-शेजारी रचले जातात. झडप गळत असेल आणि दर ठोक्याला जास्तीचं रक्त आत येत असेल, तर पेशी लांबते. तंतूंचे तुकडे एकापुढे एक जोडले जातात. या तुकड्याला सार्कोमिअर म्हणतात, लांबी जेमतेम २ मायक्रोमीटर.

याच काळात जनुकांकडेही हालचाल होते. बाळ पोटात असताना जोरात चालणारी आणि जन्मानंतर थंडावलेली काही जनुकं पुन्हा जागी होतात. त्यातलं एक एनपीपीबी. त्याच्यापासून बनणारं प्रथिन रक्तात उतरतं, आणि दम लागणाऱ्या पेशंटला डॉक्टर जी एनटी-प्रोबीएनपी तपासणी सांगतात, ती त्याचाच एक तुकडा मोजते. तुमच्या आईच्या रिपोर्टवर तो आकडा असेल तर ती हृदयातल्या एका जनुकाची खबर आहे. हे सांगितलं की लोक कागद पुन्हा उघडून बघतात, मला फार बरं वाटतं.

पण दोन्ही गोष्टी ताणामुळे होत असतील, तर आकाराचा स्वतःचा वाटा किती? १९९७ साली अमेरिकेत एक सुंदर प्रयोग झाला. केशवाहिन्यांच्या पेशी चिकट प्रथिनाच्या लहान-मोठ्या ठिपक्यांवर बसवल्या. ज्यांना पसरायला जागा मिळाली त्या जगल्या, आखडून बसाव्या लागलेल्या मेल्या. म्हणजे आकाराची बातमी आत पोचते. कशी, याचा एक मार्ग मला विशेष आवडतो. पेशीत अ‍ॅक्टिनचे सुटे कण असतात आणि ते एमआरटीएफ नावाच्या प्रथिनाला धरून ठेवतात. पेशी ताणली गेली की हे कण धाग्यांत ओवले जातात, एमआरटीएफ मोकळं होतं, केंद्रकात शिरतं आणि तिथली जनुकं चालू करायला लागतं.

हृदयाच्या पेशींवर हे तपासणं सोपं झालं ते जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाकांमुळे. २००७ साली त्यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी मूळपेशींसारख्या, म्हणजे कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकतील अशा, करून दाखवल्या, आणि अशा पेशींपासून आज डिशमध्ये धडधडणाऱ्या हृदयपेशी बनवता येतात. फक्त त्या हृदयातल्या पेशीसारख्या विटेच्या आकाराच्या नसतात, थापलेल्या भाकरीसारख्या पसरतात. स्टॅनफर्डच्या गटाने २०१५ मध्ये त्यांना मऊ जेलवर, रुंदीच्या सातपट लांब अशा चौकटीत वाढवलं. सार्कोमिअर ओळीत आले आणि पेशी अधिक जोमाने आकुंचन पावू लागली.

इथवर ऐकलं की लोक म्हणतात, मग आकार बघितला की जनुकं कळलीच. नाही. इथे मी अडून बसते.

सिअ‍ॅटलच्या अ‍ॅलन इन्स्टिट्यूटने २०२१ मध्ये एकेका पेशीत दोन्ही गोष्टी मोजल्या: सार्कोमिअरची मांडणी किती शिस्तीची आणि निवडक जनुकांच्या आरएनए प्रती (जनुक चालू असताना त्याच्या निघणाऱ्या नकला) किती. संबंध सापडला, पण सैल. एकीवरून दुसरी पुरती सांगता येत नाही. पेशी कोणत्या अवस्थेत आहे हे ठरवायला दोन्ही बघावी लागतात. आजारी हृदयात बसवायला किंवा औषध तपासायला पेशी निवडताना एकच मोजमाप घेणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

माझ्या डिशमधल्या दोन शेजारणी पेशी आठवतात. एकीत सार्कोमिअरचे हिरवे पट्टे फणीच्या दातांसारखे सरळ, दुसरीत नुसता गुंता. एमवायएच७ या, सार्कोमिअरमधलं एक प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या आरएनएचे लाल ठिपके मोजले, एक ठिपका म्हणजे एक प्रत. दोघींत जवळपास सारखेच निघाले. चूक झाली असेल म्हणून पुन्हा मोजले, तरी तेच. पेशी फिक्स करण्याआधी, म्हणजे रसायनाने आहेत तशा गोठवण्याआधी, काढलेला व्हिडिओ मग उघडला. गुंत्याची पेशीही शेजारणीच्या बरोबरीने, त्याच ठोक्याला आकुंचन पावत होती.