पान ९६ नंतरचे पान ८१

प्रकाशन समारंभाच्या सभागृहात मी इतरांच्या दोन-अडीच तास आधी पोहोचते आणि कोणाचे लक्ष नसताना गठ्ठ्यातली एखादी प्रत काढून मधूनच कुठेतरी उघडते. पुस्तकनिर्मितीच्या कामात अकरा वर्षे काढल्यावर जडलेली ही खोड आहे. त्या संध्याकाळी जिचे प्रकाशन व्हायचे होते, त्या कादंबरीचे मुखपृष्ठ दोन महिने आधी जाहीर झाले होते, आगाऊ नोंदणी जोरात होती आणि ठरलेल्या दिवसापूर्वी एकही प्रत बाहेर पडू नये म्हणून तीनशे प्रती बांधणी झाल्याबरोबर थेट सभागृहात आल्या होत्या. एरवी गोदामात त्यांच्यावरून जी एक नजर फिरते, ती या घाईत फिरलीच नव्हती.

मी उघडलेल्या प्रतीत डावीकडे पान ९६ होते आणि उजवीकडे पान ८१.

पुस्तक सुटे सुटे पान लावून बांधले जात नाही. मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पाने छापली जातात, त्या कागदाच्या घड्या घालून फर्मा तयार होतो आणि असे फर्मे क्रमाने एकावर एक येऊन पुस्तक होते. आमची कादंबरी २५६ पानांची, म्हणजे सोळा फर्म्यांची होती. फर्मे जुळवताना कोणीतरी सातव्याच्या जागी सहाव्याचीच चळत ठेवली होती, त्यामुळे ८१ ते ९६ ही पाने दोनदा आली आणि ९७ ते ११२ गायब झाली. ही चूक पकडता यावी म्हणून प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण छापलेली असते. फर्मे नीट जुळले की या खुणा पाठीवर जिन्याच्या पायऱ्यांसारख्या तिरक्या उतरतात आणि एखादी पायरी चुकली की लांबूनही दिसते. परंतु एकदा मुखपृष्ठ चिकटवले की हा जिना झाकला जातो. प्रतीची जाडी तीच, वजन तेच. उघडून पाहण्यावाचून दुसरा उपाय नव्हता.

आम्ही तिघे खाली बसलो आणि प्रत्येक प्रत पान ९६ वर उघडत गेलो. पहिला गठ्ठा पूर्ण सदोष, दुसराही पूर्ण, तिसऱ्यातल्या वरच्या दोन प्रती सदोष आणि तिथून पुढे सगळे ठीक. चुकीची चळत संपेपर्यंत चूक चालते, तसेच झाले होते. वीस-वीसच्या गठ्ठ्यांच्या हिशेबाने बेचाळीस प्रती हव्या होत्या; माझ्यासमोर एक्केचाळीसच होत्या. विक्रीच्या टेबलावरचा सहकारी चाचरत म्हणाला, “मॅडम, एक आजोबा फार लवकर आले होते. त्यांना मी आधीच एक प्रत दिली.”

लेखिकाबाईंना हे सांगणे भागच होते, कारण त्या नेमके पान १०३ वरून वाचणार होत्या. २०१० साली जोनाथन फ्रँझन यांच्या ‘फ्रीडम’ची ब्रिटनमधील आवृत्ती चुकून आधीच्या मसुद्यावरून छापली गेली होती आणि प्रकाशनानंतर वाचकांना प्रती बदलून द्याव्या लागल्या होत्या, हे मी त्यांना धीर देण्यासाठी सांगितले; त्यांना त्याने किती धीर आला, याची शंकाच आहे. त्या एवढेच म्हणाल्या, “माझ्या हातात येणारी प्रत तेवढी तुम्ही स्वतः बघा.”

भाषणांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. वाचन मात्र सुरेख झाले आणि त्यानंतर स्वाक्षरीसाठी रांग लागली. अशा वेळी लेखकाच्या शेजारी उभे राहून नाव विचारायचे आणि शीर्षकपान उघडून प्रत पुढे सरकवायची, हे काम कोणीतरी करतेच. त्या दिवशी ते मी मागून घेतले. शीर्षकपानाआधी माझा अंगठा पान ९६ वर जात होता. नव्या पुस्तकाचा वास घेणारे, मुखपृष्ठावरून तळवा फिरवणारे, मलपृष्ठाचे छायाचित्र काढणारे कितीतरी लोक समोरून गेले, पण मधले पान उघडलेले कोणाच्याच हातात दिसले नाही. आणि त्यात गैर काही नव्हते. त्या संध्याकाळी पुस्तक मिरवायचे असते.

ते आजोबा रांगेत जवळजवळ शेवटी होते. त्यांच्या प्रतीत पान ९६ पाशी बसचे तिकीट खुणेसाठी घातलेले होते. मी हळू आवाजात चूक सांगितली आणि नवी प्रत पुढे केली. ते गोंधळून म्हणाले, “चूक? अहो, मी दोन तास मागच्या खुर्चीत वाचत बसलो होतो. ती पाने परत आली तेव्हा मला वाटले, बाईंनी मुद्दामच केलेय. तिला तोच दिवस पुन्हा पुन्हा आठवतोय ना! मी दुसऱ्यांदाही वाचली.”

लेखिकाबाईंनी पेन खाली ठेवले आणि दिवसभरात पहिल्यांदाच मनापासून हसल्या. आजोबा काही प्रत बदलून घेईनात. पेन्सिलीने खुणा केलेली प्रत आता त्यांची झाली होती. शेवटी बाईंनी स्वाक्षरी करून तिच्याखाली लिहिले, “पाने ९७ ते ११२ उधार.”

सोमवारी मी छापखान्यातून सातव्या फर्म्याची एक जादा घडी मागवली आणि कडा न कापता, तशीच पाकिटात घालून त्यांच्या पत्त्यावर पाठवली.